जुन्या शेती अवजारांची मोबाईलवरून विक्री : विक्रेत्याने घ्यावयाची खबरदारी

खरिपाच्या तोंडावर शेतकऱ्यास रोख पैशाची निकड असते. बियाणे, खते, मशागतीची मजुरी ह्यांची तरतूद मृग नक्षत्रापूर्वी व्हावी लागते. अशा वेळी घरात पडून असलेली एखादी जुनी वस्तू विकून नड भागविण्याचा प्रघात नवा नाही. अलीकडे मात्र विकण्याजोग्या वस्तूंची संख्या बरीच वाढली आहे. २०१९ साली सुरू झालेली प्रधानमंत्री कुसुम योजना व २०२४ साली राज्याने आणलेली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना ह्यांमुळे पुष्कळ विहिरींवर सौर पंप बसले आणि त्या विहिरींवरची डिझेल इंजिने गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली. मळणीयंत्रे, जुने नांगर, पेरणीयंत्रे, तुषारसंचाचे पाइप, इतकेच काय पण पंधरा-वीस वर्षे चाललेले ट्रॅक्टरही विक्रीस निघतात.

पूर्वी अशी वस्तू पंचक्रोशीत गिऱ्हाईक मिळाले तर विकली जाई. न मिळाल्यास भंगारवाला वजनावर घेऊन जाई. आता ओएलएक्ससारख्या संकेतस्थळावर, फेसबुकच्या मार्केटप्लेसवर किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर छायाचित्र टाकले की शेजारच्या जिल्ह्यातील गरजू शेतकऱ्यापर्यंत वार्ता पोहोचते आणि चालू स्थितीतील इंजिनास भंगाराच्या भावापेक्षा निश्चितच चांगली किंमत येते. ही सोय शेतकऱ्याच्या हिताची आहे. म्हणून 'मोबाईलवरून काही विकूच नका' असा सल्ला देणे आम्हांस योग्य वाटत नाही. परंतु ह्या बाजारात लबाडांचाही सुळसुळाट आहे, आणि विशेष हे की ते बहुधा गिऱ्हाईकाचे सोंग घेऊन येतात. पैसे देणाऱ्याने सावध राहावे हे आपणांस ठाऊक असते. ज्याला पैसे यावयाचे आहेत तोच लुबाडला जाईल, अशी शंका सहसा कोणाच्या मनास शिवत नाही.

आमच्या मंडळात गेल्या वर्षी मे महिन्यात घडलेली हकीकत येथे सांगणे उपयुक्त होईल. एका शेतकऱ्याने पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन पंपासह विकावयास काढले. किंमत अठरा हजार रुपये सांगितली. मुलाने छायाचित्रे काढून जाहिरात दिली. तासाभरातच फोन आला. बोलणारा हिंदीत बोलत होता. आपण सैन्यात जवान आहोत, नेमणूक दूर सीमेवर आहे, गावाकडे भावाला इंजिन हवे आहे, भाऊ दोन दिवसांत टेम्पो घेऊन येईल, असे त्याने सांगितले. किंमत एका शब्दात मान्य केली. सैन्याचे ओळखपत्र म्हणून एक छायाचित्रही पाठविले. जवान म्हटल्यावर शेतकऱ्याच्या मनात आदर उत्पन्न झाला, ह्यात त्याचा काय दोष?

नंतर त्या इसमाने मुलाच्या फोनवर क्यूआर कोडचे चित्र पाठविले. 'आमच्या खात्यातून पैसे येण्याची रीत निराळी आहे; हे चित्र तुमच्या फोनने स्कॅन करा, आधी पाच रुपयांची चाचणी घेऊ,' असे तो म्हणाला. शेतकऱ्याने स्कॅन करून पिन टाकला. पाच रुपये गेले आणि लगेच दहा रुपये जमा झाले. खात्री पटली. मग अठरा हजारांचे चित्र आले. पुन्हा स्कॅन, पुन्हा पिन. ह्या वेळी अठरा हजार रुपये गेले, परत मात्र काही आले नाही. 'यंत्रणेत अडकले आहेत, आणखी एकदा करा, म्हणजे दोन्ही रकमा एकदम सुटतील,' असे सांगून त्याने तेच दुसऱ्यांदा करवून घेतले. छत्तीस हजार रुपये खात्यातून गेले. ती रक्कम कापसाच्या बियाण्यासाठी आणि खतासाठी राखून ठेवलेली होती. इंजिन जागचे हलले नव्हते आणि पेरणीचा पैसा मात्र संपला होता.

लोक हसतील म्हणून त्याने दोन दिवस ही गोष्ट घरातही सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला. तोपर्यंत पैसे पुढच्या खात्यांतून काढून घेतले गेले होते. पैसे गेल्याचे दुःख मोठे खरेच. पण ह्या दोन दिवसांच्या मौनाने अधिक नुकसान केले, असे आमचे मत आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

पिन म्हणजे अंगठा

ह्या फसवणुकीचे मर्म समजून घेतले तर तिची पुष्कळ रूपे आपोआप ओळखता येतात. यूपीआय ही पद्धत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ह्या संस्थेने २०१६ साली सुरू केली. तिच्यात पिनचे काम पूर्वीच्या अंगठ्यासारखे आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना सावकाराच्या कागदावर अंगठा उठविताना जी धास्ती वाटे, ती पिन टाकताना वाटावयास हवी. पिन टाकणे म्हणजे 'माझ्या खात्यातून ही रक्कम द्या' असा बँकेस हुकूम देणे होय. आपली शिल्लक पाहतानाही पिन लागतो हे खरे; परंतु दुसऱ्याकडून पैसे येण्यासाठी तो कधीही लागत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरपासून पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवून रक्कम देण्याची सोयही झाली आहे. तेव्हा फोनवर बोट टेकविण्यापूर्वीही हाच विचार करावा.

क्यूआर कोडचेही तसेच आहे. किराणा दुकानात आपण दुकानदाराचा कोड स्कॅन करतो, कारण पैसे आपण देतो. स्कॅन करणारा तो देणारा, आणि ज्याचा कोड तो घेणारा. आपण इंजिन विकत असू तर आपला कोड दाखवावा, किंवा यूपीआयशी जोडलेला मोबाईल क्रमांक सांगावा, आणि स्वस्थ बसावे. गिऱ्हाईकाने पाठविलेला कोड विक्रेत्याने स्कॅन करण्याचा प्रसंग प्रामाणिक व्यवहारात येतच नाही. जवान असो, डॉक्टर असो की बँकेचा अधिकारी असो. पैसे उलट्या दिशेने येण्याची निराळी रीत कोणाच्याही खात्याला नसते.

गुरांच्या बाजारातील व्यवहार आठवावा. सांगोल्याच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. सौदा पटला की घेणारा विसार देतो, आणि पुरी रक्कम हातात पडल्यावर विकणारा दावे सोडतो. विकणाऱ्याने घेणाऱ्यास विसार दिल्याचे कोणी ऐकले आहे काय? मोबाईलवरील बाजारातही विसार देण्याची बाजू बदलत नाही. चाचणीचे पाच रुपये, नोंदणीचे दोनशे, टेम्पोच्या विम्याचे बाराशे, अशी कोणतीही रक्कम विक्रेत्याकडे मागणारा मनुष्य गिऱ्हाईक नव्हे.

यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस पैशाची 'मागणी' पाठविण्याची सोय पूर्वी होती आणि तिचा दुरुपयोग फार होई. ती सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली आहे. त्यामुळे लबाडीची एक वाट बुजली; कोड पाठविण्याची मात्र उघडीच आहे.

गिऱ्हाईक कसे ओळखावे

जुने इंजिन खरोखर घेणारा शेतकरी काय करतो हे आपण जाणतो. तो हँडल मारून इंजिन चालू करून पाहतो, धुराचा रंग पाहतो, कॉम्प्रेशनचा दम हाताला जाणवतो की नाही हे तपासतो, पिस्टन कधी बदलला, फूटव्हॉल्व्ह सोबत मिळेल का, असे दहा प्रश्न विचारतो, आणि शेवटी सांगितलेल्या किमतीतून दोन-तीन हजार कमी करावयास लावतो. मळणीयंत्र घेणारा त्याच्या जाळ्या व बेअरिंग पाहिल्याशिवाय राहत नाही. ह्याउलट लबाड मनुष्यास वस्तूशी काहीच कर्तव्य नसते. तो घासाघीस करीत नाही, पाहण्यास येत नाही, आवाज ऐकू इच्छित नाही. त्याचे सारे लक्ष पैसे 'पाठविण्यावर' असते आणि त्याची घाई विलक्षण असते. न पाहता पूर्ण किंमत कबूल करणारे गिऱ्हाईक हे सुदैव न समजता धोक्याची खूण समजावी. सैन्यातील जवानाच्या नावाचा वापर ह्या कामी देशभर होत आला आहे. पाठविलेले ओळखपत्र बहुधा बनावट किंवा दुसऱ्याच कोणाचे असते. त्यामुळे ओळखपत्राच्या चित्रावर विसंबून काहीही ठरवू नये.

ह्याच फसवणुकीची आणखी काही रूपे आहेत. एकात गिऱ्हाईक म्हणतो, 'चुकून अठराशेऐवजी अठरा हजार पाठविले, जास्तीचे परत करा.' फोनवर तसा संदेशही आलेला असतो. परंतु तो त्यानेच लिहून पाठविलेला असतो. बँकेचा संदेश साध्या दहा आकडी मोबाईल क्रमांकावरून येत नाही, तर बँकेच्या नावाची अक्षरे असलेल्या शीर्षकाखाली येतो. तरीही केवळ संदेशावर विश्वास न ठेवता आपल्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकावर जमा पाहावी, हे उत्तम. खरोखरच कोणाचे पैसे चुकून आले असतील, तर ते आपण होऊन परत न पाठविता बँकेस कळवावे.

दुसऱ्या रूपात वस्तूच जाते. भाड्याचा टेम्पो दारात येऊन उभा राहतो. चालक बिचारा स्थानिक असतो व त्यास आतली गोष्ट ठाऊक नसते. गिऱ्हाईक फोनवरून पैसे भरल्याची पावती दाखवितो. अशी पावतीची चित्रे हुबेहूब तयार करता येतात. 'आज रविवार, उद्या जमा होतील,' हे कारणही आता टिकणारे नाही. कारण एनईएफटीची सेवा १६ डिसेंबर २०१९ पासून व आरटीजीएसची सेवा १४ डिसेंबर २०२० पासून सुट्टीच्या दिवशीही अहोरात्र चालू आहे. धनादेश दिला असल्यास तो वटून रक्कम खात्यात पडेपर्यंत वस्तू अंगणाबाहेर जाऊ देऊ नये. मोठी रक्कम रोख घेण्यासही मर्यादा आहे. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई केली आहे, हे ट्रॅक्टर विकणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

तिसरे रूप सर्वांत घातक. गिऱ्हाईक एखादे ॲप उतरवून घ्यावयास सांगतो, किंवा व्हॉट्सॲपवर 'पावती' म्हणून एपीके प्रकारची फाइल पाठवितो. ह्यांतील काही ॲपमुळे आपल्या फोनचा पडदा दूरवरच्या मनुष्यास दिसू लागतो, तर काही फाइली आलेले संदेश व ओटीपी परस्पर चोरतात. पीएम-किसान योजनेच्या नावानेही अशा फाइली पसरविल्या गेल्या आहेत. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, ती ओळखीच्या माणसाकडून आली तरीही, उघडू नये. पहिल्या दोन प्रकारांत ठरलेली रक्कम किंवा वस्तू जाते. ह्या प्रकारात खाते रिकामे होऊ शकते.

जाहिरात देताना

जाहिरातीत वस्तूचे छायाचित्र असावे. नोंदणीपुस्तक, आधारपत्र किंवा सातबारा ह्यांचे नसावे. 'खात्रीसाठी कागद पाठवा' असे म्हणून मिळविलेली कागदपत्रे घेऊन हे लोक पुढे आपल्याच नावाने तिसऱ्या माणसास तेच इंजिन विकतात, आणि तो माणूस आपल्या दारात भांडावयास येतो. आधारपत्र देणे अगदी आवश्यकच झाले तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्यावी. ती आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. बोलणे शक्यतो आपल्या मराठीतच चालवावे. गाव, तालुका, वाट, ओळखीची माणसे ह्यांची विचारपूस करावी. जवळचा खरा शेतकरी अशा प्रश्नांना सहज उत्तरे देतो. वस्तू दाखविण्यासाठी दिवसाची वेळ द्यावी व त्या वेळी घरातील आणखी एक मनुष्य हजर असावा.

एक गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. अनुदानावर घेतलेले अवजार ठरावीक मुदतीपर्यंत विकणार नाही, असे हमीपत्र शेतकऱ्याने दिलेले असते. जाहिरात देण्यापूर्वी आपले मंजुरीपत्र पाहावे अथवा कृषी कार्यालयात विचारावे.

ट्रॅक्टर विकताना अधिक दक्षता हवी, कारण येथे पैसे पूर्ण मिळाल्यावरही धोका संपत नाही. मुद्रांकावर पावती करून ट्रॅक्टर देऊन टाकण्याची रीत गावोगाव आहे. अशा पावतीने नोंदणीपुस्तकातील नाव बदलत नाही. घेणारा नाव बदलून घेतो म्हणून जातो आणि कधीच बदलत नाही, कधी आळसाने, कधी हेतुपुरस्सर. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार, वाहन विकले गेले असले तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक समजला जातो आणि अपघाताच्या भरपाईचा दावा त्याच्यावर येऊ शकतो. म्हणजे विकलेल्या ट्रॅक्टरने परजिल्ह्यात अपघात केला, तर नोटीस आपल्या दारात येते. ऊस वाहतुकीच्या दिवसांत हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे हे सांगावयास नको.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात वाहन विकल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयास कळविणे आवश्यक आहे. त्यासाठी नमुना २९ व नमुना ३० भरावे लागतात. बँकेचा बोजा असेल तर कर्ज फेडल्याचे पत्र व नमुना ३५ लागतो; बोजा असताना ट्रॅक्टर देऊ नये. परराज्यात जावयाचा असल्यास नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र आधी काढावे. आमचा आग्रहाचा सल्ला असा की, कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून ते गिऱ्हाईकाच्या हवाली करू नयेत. दोघांनी मिळून कार्यालयात जाऊन अर्ज द्यावा. एक दिवस मोडतो, पण पुढील कित्येक वर्षांची काळजी मिटते. ट्रॅक्टर ताब्यात देताना तारीख व वेळ लिहून घेणाऱ्याची सही घ्यावी आणि आठवण ठेवून काही आठवड्यांनी नाव बदलल्याची चौकशी करावी.

पैसे गेलेच तर

फसवणूक लक्षात येताच १९३० ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे. तक्रार नोंदली की ती रक्कम ज्या बँकेत गेली तिला तत्काळ कळविली जाते, आणि रक्कम अद्याप खात्यात असेल तर ती तेथेच गोठविता येते. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे भराभर हलवितो. म्हणून येथे तासांना नव्हे तर मिनिटांना महत्त्व आहे. फोन करताना आपला खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक जवळ असावा. हा क्रमांक ॲपमधील व्यवहाराच्या नोंदीत सापडतो. भांबावून जाऊन ती नोंद किंवा त्या माणसाशी झालेले संभाषण पुसून टाकू नये. तोच पुरावा होय. त्यानंतर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार पुरी करावी, आपल्या बँकेस लेखी कळवावे आणि पोलीस ठाण्यात जावे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की, ग्राहकाच्या हयगयीमुळे झालेले नुकसान त्याने बँकेस कळवीपर्यंत त्याचे, आणि कळविल्यानंतर होणारे बँकेचे. लवकर कळविण्याचे हे दुसरे कारण.

गावपातळीवर काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांस येथे एक विनंती आहे. फसलेला शेतकरी आपणांकडे येईल तेव्हा त्यास 'पिन कशाला टाकलास?' असे प्रथम विचारू नये. हा प्रश्न त्याने स्वतःस शंभर वेळा विचारलेला असतो. प्रथम १९३० लावून द्यावा, बाकीचे मागाहून. जेथे फसलेल्यास हसतात तेथे पुढचा फसलेला मनुष्य दोन दिवस गप्प बसतो, हे वरील उदाहरणात दिसलेच आहे. शिवाय पदवीधर, शिक्षक, निवृत्त अधिकारी असे लोकही ह्याच युक्त्यांना बळी पडलेले आहेत. १९३० हा क्रमांक चावडीवर, सोसायटीच्या कार्यालयात व कृषी सेवा केंद्रात ठळक अक्षरांत लावावा. गावसभेत ह्या विषयावर व्याख्यान देण्याऐवजी दोन फोन घेऊन एकाने स्कॅन करावे व दुसऱ्याच्या खात्यात एक रुपया जमा झालेला सर्वांस दाखवावा. स्कॅन करणाऱ्याचाच रुपया जातो हे डोळ्यांनी पाहिलेले विसरत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

वर उल्लेखिलेल्या शेतकऱ्याने त्या वर्षी बियाणे उधारीवर घेतले. इंजिन पुढे ऑगस्टमध्ये विकले गेले. शेजारच्या तालुक्यातील एक गिऱ्हाईक मोटारसायकलवर आले, त्याने अर्धा तास इंजिन चालवून पाहिले, सक्शन पाइपच्या एका भेगेवर बोट ठेवून दीड हजार रुपये कमी केले, आणि शेतकऱ्याने दाखविलेला कोड आपल्या फोनने स्कॅन केला. मुलगा बँकेच्या ॲपमध्ये साडेसोळा हजारांची जमा पाहून येईपर्यंत टेम्पो अंगणात उभा होता.